'कास्ट' : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

जून महिन्याच्या अखेरीस विदर्भातील शाळा सुरू होतात. त्या आठवड्यात आमच्या निवासी शाळेच्या व्हरांड्यात पालक, पत्र्याच्या पेट्या, वळकट्या आणि प्रवेशअर्ज यांची एकच गर्दी असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी तेल्हारा तालुक्यातील एका खेड्यातून आलेले शेतमजूर पालक आपल्या मुलाला घेऊन आमच्या टेबलापुढे बसले होते. अर्ज आम्हीच भरीत होतो. धर्माच्या रकान्यापाशी आलो, तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तेथी हिंदूच राहू द्या. बौद्ध लेहलं त सवलत जाईन म्हंतात लोकं. मंग पोराचं कसं होईन?" पूर्वी कोठल्याशा कार्यालयातून त्यांना याच कारणासाठी दोनदा परत पाठविण्यात आले होते. आम्ही उत्तर देणार, एवढ्यात त्यांच्या मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "सर, आपण बौद्ध आहोत ना? मग या कास्टच्या रकान्यात काय लिहायचं? आणि कास्ट म्हणजे नेमकं काय?"

पालकांचा प्रश्न कायद्याचा होता. त्याचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले आणि या लेखात पुढेही देणार आहोत. मुलाचा प्रश्न मात्र एका शब्दाचा होता. तो शब्द तहसील कार्यालयापासून महाविद्यालयापर्यंत, शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या पाठीशी असतो. 'कास्ट सर्टिफिकेट', 'कास्ट व्हॅलिडिटी' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण हा शब्द आला कोठून, त्याच्या पोटात काय आहे, हे आपण क्वचितच विचारतो. इतिहासाचे शिक्षक म्हणून हा प्रश्न पुढे अनेक तासिकांत आम्ही विद्यार्थ्यांबरोबर सोडवीत गेलो. त्याच पाठाचे हे लेखरूप स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका यांच्यापुढे ठेवीत आहोत.

ध्वनी एक, शब्द दोन

प्रारंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजीत 'कास्ट' असा उच्चार होणारे दोन निरनिराळे शब्द आहेत आणि लिहिताना त्यांच्यात अखेरच्या 'ई' या एका अक्षराचा फरक आहे.

'ई' नसलेला कास्ट हा उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ फेकणे. नाटक-चित्रपटातील पात्रयोजना, साच्यात ओतलेले 'कास्ट आयर्न', मोडलेल्या हाडावरील प्लास्टर हे सारे त्याच शब्दाचे वाढलेले अर्थ होत. आकाशवाणीच्या संदर्भात आपण 'ब्रॉडकास्ट' म्हणतो, तो शब्द मुळात शेतीचा आहे. बी मुठीने चहूकडे फोकून पेरणे हा त्याचा पहिला अर्थ. मत देण्यालाही इंग्रजीत मत 'कास्ट' करणे असेच म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत हे दोन्ही 'कास्ट' आपल्याकडे एकमेकांत कसे मिसळतात, हे वाचकांना सांगणे नलगे.

या पहिल्या शब्दापासून 'आउटकास्ट' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीतच तयार झाला. बाहेर फेकलेला, टाकून दिलेला माणूस असा त्याचा अर्थ. हिंदुस्थानातील जातींशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे इंग्रज येथे राज्य करू लागल्यावर त्याच उच्चाराचा, पण शेवटी 'ई' असलेला, जातीबाहेरचा या अर्थाचा नवा शब्द रूढ झाला. दोन वेगळ्या कुळांतील शब्द असे एका ठिकाणी येऊन मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 साली स्थापन केलेल्या सभेच्या आणि 1927 साली काढलेल्या पाक्षिकाच्या नावात 'बहिष्कृत' हा शब्द योजला. बहिष्कृत म्हणजे बाहेर केलेला. येथे कोणीतरी बाहेर करणारा आहे, दोष बाहेर पडलेल्याचा नाही, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

पोर्तुगालहून गोव्यास

आपल्या अर्जातील, म्हणजे 'ई' असलेला, कास्ट हा शब्द इंग्रजांचा स्वतःचा नाही. तो पोर्तुगीज 'कास्ता' या शब्दावरून आला. पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत कास्ता म्हणजे वाण, बीज, वंश. घोड्याची, गुरांची, पिकाची अस्सल अवलाद सांगताना तो वापरीत. पोर्तुगालात आजही द्राक्षांच्या वाणांना 'कास्ता' म्हणतात. आपल्या वऱ्हाडात कपाशीचे वाण जसे आपण नावानिशी ओळखतो, तसेच ते.

या कास्ताचे मूळ बहुतेक कोशकार लॅटिन भाषेतील 'कास्टुस' या विशेषणात शोधतात. त्याचा अर्थ शुद्ध, निर्मळ, भेसळ नसलेला. शील या अर्थाचा इंग्रजी 'चॅस्टिटी' हा शब्द त्याच मुळाचा. काही विद्वान मात्र कास्ताचे मूळ गॉथिक भाषेत, प्राण्यांच्या पिलावळीसाठी असलेल्या एका शब्दात मानतात. लॅटिन शब्दाच्याही मागे गेल्यास, तौलनिक भाषाशास्त्रानुसार, 'कापणे' या अर्थाचा एक प्राचीन धातू लागतो. संस्कृतातील 'शस्' म्हणजे कापणे आणि त्यावरून झालेला 'शस्त्र' हा शब्द त्याच धातूचे दूरचे आप्त होत. जे दोषापासून कापून वेगळे केले ते शुद्ध, असा हा अर्थप्रवास. शुद्धतेच्या कल्पनेच्या मुळाशी तोडण्याची क्रिया असावी, ही गोष्ट आम्ही फळ्यावर लिहिली, तेव्हा वर्ग काही क्षण शांत झाला होता.

पोर्तुगीज 1498 साली कालिकतला उतरले आणि 1510 साली त्यांनी गोवा घेतला. येथील माणसे एकमेकांच्या हातचे खात नाहीत, एकमेकांत लग्ने करीत नाहीत, बापाचा धंदा मुलगा सोडीत नाही, हे त्यांनी पाहिले. या प्रकाराला त्यांच्याजवळ नाव नव्हते. म्हणून घोड्याच्या आणि द्राक्षाच्या वाणाचा शब्द त्यांनी माणसांना लावला. 1567 साली गोव्यात भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या एका ठरावात येथील लोक लहान-मोठ्या प्रतिष्ठेच्या 'कास्तां'त विभागलेले असून वरचा खालच्याबरोबर अन्नपाणी घेत नाही, अशी नोंद आढळते.

पगार, चावी, साबण, बटाटा, तुरुंग, परात, लिलाव असे कितीतरी शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. आमच्या भागातील शेतमालाच्या बाजारात रोज उच्चारला जाणारा 'लिलाव' हा त्यांचाच. पण 'कास्ता' मात्र मराठीने घेतला नाही. घेण्याची गरजच नव्हती. जात हा शब्द आणि तिचा अनुभव आपल्याकडे भरपूर होता. तो शब्द इंग्रजांनी घेतला आणि त्यांच्यामार्फत, तीन-चार शतकांचा वळसा घालून, तो आपल्या तहसील कार्यालयात पोहोचला.

शब्द नोंदविणाऱ्याची कहाणी

या ठिकाणी एका माणसाची हकीकत सांगणे आवश्यक वाटते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा तो वैद्य व स्नेही होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींविषयी त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्या ग्रंथात एके ठिकाणी तो म्हणतो की, या देशात बापाचा धंदा कोणी सोडीत नाही आणि जोडे करणाऱ्यांची म्हणून एक कास्ता असते. कास्ता हा शब्द येथील समाजाला लावल्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींत या वाक्याची गणना होते.

हा ओर्ता कोण होता? त्याचे आईबाप स्पेनमधून 1492 साली हाकलले गेलेले ज्यू होते. पोर्तुगालात 1497 साली सर्व ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. पण बाप्तिस्मा होऊनही त्यांची सुटका झाली नाही. स्पेनमधील टोलेडो शहरात 1449 सालीच 'रक्तशुद्धी'चा ठराव झाला होता. ज्यू रक्ताच्या माणसाने धर्म बदलला तरी त्याला अधिकाराच्या जागा नाहीत, असा त्याचा आशय. धर्मांतर केलेल्यांना 'नवख्रिस्ती' असे वेगळे नाव पडले आणि ते पिढ्यान् पिढ्या चिकटून राहिले. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. ओर्ता 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि 1580 साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली.

जोडे करणाऱ्यांची कास्ता पाहून नोंद करणारा हा माणूस स्वतःच्या देशात अशुद्ध रक्ताचा ठरला होता. कास्ता हा शब्द त्याने सहज लिहिला असेल. परंतु तो शब्द त्याच्या घरावर कोणता प्रसंग आणून राहिला होता, हे त्याला ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. 'नवख्रिस्ती' हे नाव वाचले की आम्हाला 'नवबौद्ध' हे नाव आठवते. धर्म बदलल्यावरही मागचे ओळखून ठेवण्यासाठी 'नव' हे उपपद किती उपयोगी पडते, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

इंग्रजांच्या हाती : वऱ्हाडची शिरगणती

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्याला वंश या अर्थाने दिसतो आणि सतराव्या शतकाच्या आरंभापासून हिंदुस्थानच्या संदर्भात येऊ लागतो. 1800 च्या आधी तो बहुधा 'ई' शिवायच लिहीत. पुढे फ्रेंच वळणाचा 'ई' त्याला कायमचा जडला. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशापर्यंत तो इतका रुळला होता की, हा शब्द मूळचा हिंदुस्थानीच असावा अशी अनेक इंग्रजांची समजूत होती.

इंग्रजांनी या शब्दाला एक नवी गोष्ट दिली, ती म्हणजे तक्ता. निजामाने 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यानंतर 1867 सालीच, म्हणजे देशव्यापी जनगणनेच्या आधी, वऱ्हाडात शिरगणती झाली. आल्फ्रेड लायल यांच्या 1870 च्या वऱ्हाड गॅझेटिअरमध्ये तिचा उपयोग केलेला आहे. 1881 च्या वऱ्हाड जनगणनेचा अहवाल लिहिणारे किट्स यांनी 1885 साली साऱ्या हिंदुस्थानातील जातींची एक जंत्रीच प्रसिद्ध केली. 1901 च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या उतरत्या पायऱ्यांवर बसविण्याचा उद्योग केला. नाकाची लांबी-रुंदी मोजून वंश ठरविण्याची त्यांची पद्धत तर सर्वश्रुत आहे. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशीच मोजमापे हाती घेऊन उलट निष्कर्ष सिद्ध केला: अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नव्हेत.

जाती इंग्रजांनी निर्माण केल्या असे मात्र आमचे म्हणणे नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, मेलेली गुरे ओढण्याची सक्ती या गोष्टी कोणत्याही जनगणना अधिकाऱ्याने शोधून काढल्या नाहीत. इंग्रजांनी केले ते इतकेच की, गावागणिक बदलणारी नावे एका छापील यादीत गोठविली. तरीही त्याच यादीतून पुढे आपल्या हक्कांची यादी निघाली. 1935 च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्दप्रयोग आला, 1936 साली अनुसूची निघाली आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 341 मध्ये तीच संज्ञा कायम राहिली. अपमानाच्या नोंदवहीतून बाबासाहेबांनी न्यायाचा दस्तऐवज तयार केला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपला 'जाति' शब्द

आता आपल्या शब्दाकडे वळू. 'जाति' हा शब्द 'जन्' म्हणजे जन्मणे या धातूपासून झाला. पाली भाषेतही जाति म्हणजे जन्म. 'जात्याच हुशार', 'जातिवंत घोडा', 'कपाशीची सुधारित जात' या मराठी प्रयोगांत तोच अर्थ आहे. म्हणजे पोर्तुगीज कास्ता आणि मराठी जात या दोन्ही शब्दांनी एकच लबाडी केली: घोड्याला, कपाशीला आणि माणसाला एकाच मापाने मोजले.

ही लबाडी पंचवीसशे वर्षांपूर्वी तथागतांनी उघडी केली होती. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद आहे. माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने? ते तथागतांकडे येतात. तथागत त्यांना निसर्गाकडे पाहावयास सांगतात. गवत आणि वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातीची भिन्न लक्षणे उघड दिसतात. माणसांच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, हातापायांत अशी वेगळी लक्षणे आढळत नाहीत. माणसामाणसांतील भेद हा केवळ संज्ञेचा, म्हणजे नाव देण्याचा भेद आहे. गाई राखून जगतो तो शेतकरी, शिल्पावर जगतो तो कारागीर. आमच्या शेतकरी पालकांना हा दाखला फार लवकर पटतो. कपाशीचे दोन वाण बोंडावरून आणि धाग्यावरून ओळखता येतात; दोन माणसांची जात ओळखण्यासाठी मात्र आडनाव विचारावे लागते.

'जात नाही ती जात' अशी एक कोटी आपल्याकडे रूढ आहे. लोक ती हसत म्हणतात, पण तिच्यात निराशा भरलेली आहे. धम्माचा सिद्धांत याच्या नेमका विरुद्ध आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत 'जाति' हीसुद्धा एक कडी आहे आणि ती कारणाने उत्पन्न होते. जे कारणाने उत्पन्न झाले, ते कारण नाहीसे केल्यास लयास जाते. तेव्हा जातीचे कारण कोणते, एवढाच प्रश्न उरतो.

9 मे 1916

त्या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, 9 मे 1916 रोजी एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दिले. 'कास्ट्स इन इंडिया' हा बाबासाहेबांचा तो निबंध पुढे मे 1917 च्या 'इंडियन अँटिक्वेरी' मध्ये छापून आला. योगायोग असा की, रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांताच्या जातिजमातींवरील चार जाडजूड खंड याच 1916 साली लंडनला प्रसिद्ध झाले. वऱ्हाडचा कारभार 1903 पासून मध्यप्रांताला जोडलेला होता. एकीकडे जातींच्या चालीरीतींची हजारो पानांची जंत्री, तर दुसरीकडे एक लहानसा निबंध. पण जातीचे मर्म सापडले ते त्या लहान निबंधाला.

सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या बाबासाहेबांनी एकेक करून तपासल्या. फ्रेंच पंडित सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला होता. कास्ट या शब्दाची लॅटिन व्युत्पत्तीही शुद्धतेकडेच बोट दाखविते. बाबासाहेब या शब्दात अडकले नाहीत. विटाळ हा पुरोहितवर्गाच्या प्राबल्यातून आलेला आनुषंगिक भाग आहे. जातीचा गाभा एकच, जातीच्या आतच लग्न. वर्गाने आपली दारे आतून बंद करून घेतली की त्याची जात होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय.

शब्दाची व्युत्पत्ती आपल्याला नाव देणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगते. वस्तू काय आहे ते सांगत नाही. पोर्तुगीजांना शुद्धता दिसली, कारण ते स्वतः रक्तशुद्धीने पछाडलेले होते. बाबासाहेबांना बंद दार दिसले, कारण ते दाराबाहेर उभे होते. वीस वर्षांनी, 1936 साली, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वखर्चाने छापले. त्यातही खरा उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाहाचेच नाव घेतले आणि त्याच्या आड येणाऱ्या धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घातला.

पहिला रकाना

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी तरतूद होती. 1956 साली तीत शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्म स्वीकारला. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. 1961 साली ती सुमारे 27 लाख 90 हजार झाली. सवलती जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना आपल्या आजी-आजोबांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले, हे नव्या पिढीने विसरू नये. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती त्यांना दिल्या; केंद्राच्या सवलतींसाठी मात्र 1990 च्या कायदादुरुस्तीपर्यंत, चौतीस वर्षे, थांबावे लागले.

त्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्तीस अनुसूचित जातीचे लाभ मिळतात. यादी जातींच्या नावांची असल्याने दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीचे नाव लागते. पण त्यासाठी धर्म हिंदू लिहिण्याचे कारण उरलेले नाही. म्हणून धर्माच्या रकान्यात निर्भयपणे बौद्ध लिहावे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले, म्हणजे देशातील बौद्धांच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. भीतीपोटी न नोंदलेले किती असतील, याची कल्पना आमच्या टेबलापुढील त्या प्रसंगावरून यावी.

आणि त्या मुलाला आम्ही काय सांगितले? असे सांगितले की, कास्टच्या रकान्यात तू जे लिहितोस ते तुझे नाव नव्हे. ती तुझ्या पणजोबांवर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर जखम लिहितात, ती उपचार व्हावा म्हणून. माणसाची ओळख म्हणून नव्हे. जखमेला नावच नसेल तर उपचारही मागता येत नाही. अमेरिकेतील सिॲटल शहराने 21 फेब्रुवारी 2023 रोजी आपल्या भेदभावविरोधी कायद्यात 'कास्ट' हा शब्द समाविष्ट केला. तसे करणारे ते तेथील पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. गोव्यात पोर्तुगीजांनी माणसांना लावलेला तो शब्द आता पीडिताच्या हाती तक्रारीचे साधन म्हणून आला आहे.

दुसरा रकाना

येथेच हा पाठ संपला असता, तर आम्हाला समाधान वाटले असते. पण आणखी एक रकाना आहे आणि तो कोणत्याही सरकारने आखलेला नाही.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांतील परिचयपत्रे पाहावीत. वर बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र असते, खाली धर्म बौद्ध लिहिलेला असतो आणि त्याखाली कोठे उघडपणे, कोठे आडवळणाने पोटजात विचारलेली असते. साडेबारा पोटजातींची ती जुनी यादी विहाराच्या पायरीवरही अनेकांना तोंडपाठ असते. हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याच घरी भाचीची सोयरीक चालली होती. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, धम्माचे वर्तन असलेला. वडीलधाऱ्यांनी पहिला प्रश्न पोटजातीचा विचारला आणि उत्तर ऐकून सारे गप्प झाले. ती सोयरीक पुढे गेली नाही. वर्गात 'कास्ट्स इन इंडिया' शिकविणारे आम्ही त्या बैठकीत हजर होतो आणि आम्हीही गप्प बसलो. त्या मौनाची लाज आजही वाटते.

बाबासाहेबांची व्याख्या येथे आपल्यालाच लागू पडते. दार आतून बंद केले की जात तयार होते. बाहेरून कोणी कडी लावण्याची गरज उरत नाही. सरकारी अर्जातील रकाना कायद्याने आखला. तो कधी पुसायचा हे अन्याय कधी संपतो यावर अवलंबून आहे. परिचयपत्रातील रकाना आपण आपल्या हाताने आखतो. तो पुसायला कोणत्याही कायदादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. तिची परीक्षा मोर्चात जितकी होते, त्याहून अधिक सोयरिकीच्या बैठकीत होते.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज आईबाप झाले आहेत. काहींची मुले लग्नाच्या वयाची आहेत. मुलाचा प्रवेशअर्ज भरताना त्याला या शब्दाची कुळकथा अवश्य सांगा; गोव्याचा वैद्य, वऱ्हाडची शिरगणती, कोलंबियातला पंचवीस वर्षांचा विद्यार्थी, सारे सांगा. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिताना त्याचा हात कापणार नाही, असे पाहा. आणि घरात परिचयपत्र लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा पोटजातीची ती ओळ कोरी ठेवू नका, ती ओळच छापू नका.

तो मुलगा आता महाविद्यालयात शिकतो. मागच्या बुद्धपौर्णिमेला भेटला, तेव्हा म्हणाला, "सर, कास्टचा अर्थ आता कुणी विचारला तर मी सांगतो: आतून लावलेली कडी." इतक्या वर्षांच्या अध्यापनात याहून चांगली व्याख्या आमच्या विद्यार्थ्याकडून आम्ही ऐकलेली नाही. ती कडी काढण्याचे काम मात्र त्याच्या एकट्याचे नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.